थोरल्याच्या नावाची नोकरी

परिपत्रक सोमवारी निघालं आणि वर्गावर्गात फिरवून त्यावर सह्या घ्यायचं काम नेहमीप्रमाणं आमच्या शिपाई मामाकडं आलं. परिपत्रकात लिहिलं होतं की आजपासून संस्थेत कुणी कुणाला मामा म्हणायचं नाही.

मावशी, काका, दादा, ताई, चाचा हेही बंद. आपण सगळे कर्मचारी आहोत, एकमेकांचे नातेवाईक नाही, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या नावानं, मागं राव किंवा बाई लावून हाक मारावी, असं त्यात होतं. मामा ते घेऊन तीन इमारती हिंडला. जो तो म्हणायचा, "आणा मामा, कुठं करू सही?" आणि मामा बोट ठेवून जागा दाखवायचा. त्याला वाचता येतं ते बसच्या पाटीपुरतं. संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर फरशी पुसत होते, तिथं येऊन भिंतीला टेकला.

"आक्का, आज समदे माझ्याकडं बघून हासत व्हते. काय लिव्हलंय ह्याच्यात?"

मी वाचून दाखवलं.

"मंग आता मला कशी हाक मारायची त्यांनी?"

"नावानं."

"कुनाच्या?"

हा प्रश्न त्यानं वेड्यासारखा विचारला नव्हता. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्या आवारात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी त्या संस्थेत बावीस वर्षं झाडलोट केली. मोठी संस्था आहे, शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं एका आवारात. तिचं नाव सांगणार नाही, माणसांचीही सांगणार नाही. मामाला इथं धाकटा म्हणते, कारण तो धाकटाच आहे आणि सगळी भानगड त्याच्या थोरल्या भावामुळं झाली.

आमचं गाव पिशोरच्या बाजूला. थोरला माझ्या वर्गात होता. चौथी झाल्यावर मला घरी बसवलं, तो सातवी झाला. धाकटा आमच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यानं दुसरीत पाटी फोडली, ती गुरुजींच्या गुडघ्यावर, आणि परत शाळेत गेला नाही. पुढं संस्थेत शिपाई भरायचे होते. सातवी पास पाहिजे होता. थोरल्यानं अर्ज टाकला, त्याला बोलावणं आलं, आणि नेमकी त्याच दिवशी त्याची म्हैस व्यायला झाली. थोरला म्हशीला सोडून येणाऱ्यातला नव्हता. त्यानं स्वतःचा दाखला धाकट्याच्या हातात दिला आणि सांगितलं, जाऊन दुसरी तारीख मागून ये.

धाकटा आला. टेबलावरच्या क्लार्कनं दाखला बघितला आणि विचारलं, "तुम्हीच का हे?" धाकट्याला घरी शिकवलं होतं की साहेबासमोर आधी व्हय म्हणायचं, मग बोलायचं. तो व्हय म्हणाला. पुढचं बोलायच्या आत त्याला बाकडी उचलायला लावली. तारीख मागायला आलेला माणूस बत्तीस वर्षं तिथंच राहिला. थोरल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं, मला तसंही जायचं नव्हतं. दाखला मात्र त्यानं परत मागून घेतला, पत्र्याच्या पेटीत ठेवला. संस्थेत झेरॉक्स राहिली.

त्या काळी फोटो-बिटो कुणी बघत नसे. पुढं आधार कार्ड निघालं तेव्हा धाकट्यानं ते नोकरीच्या कागदांवरून काढलं आणि थोरल्यानं गावात आपलं वेगळं काढलं. एका बापाला एकाच नावाचे दोन मुलगे झाले. सरकारला त्याचं काही वाटलं नाही. धाकट्याचं नुकसान एवढंच झालं की कागदावर तो तीन वर्षांनी म्हातारा झाला.

मी नोकरीला लागले तेव्हा हजेरीवर ते नाव वाचलं आणि वाटलं, वर्गातला माणूस भेटतोय. बघते तर ज्याचं नाक मी परकरानं पुसलं होतं तो. तो मला म्हणाला, "आक्का, गप." मी गप बसले. तसं गप बसायला काही लागतही नव्हतं. तो नोकरीला लागून महिना झाला नाही तर पोरांनी त्याला मामा केला होता आणि त्यानंतर त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. सही तो थोरल्याच्या नावाची करायचा, पण ती चित्र काढल्यासारखी. जिभेवर ते नाव त्याच्या कधी आलं नाही. आमच्याकडं थोरल्या भावाचं नाव घेत नाहीत.

आता तेच नाव रोज, दिवसातून पन्नास वेळा, त्याला हाक म्हणून येणार होतं. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. उघड झालं असतं तर नोकरी गेलीच असती, मागची बत्तीस वर्षंही गेली असती, आणि वर पोलीस.

खरं सांगायचं तर मला स्वतःला ते परिपत्रक आवडलं होतं. मी संस्थेत कुणाच्या आईची बहीण नाही. मला एकच बहीण, तिला दोन पोरी, त्या मला फोनसुद्धा करत नाहीत. पण इथं चार हजार जणांची मी मावशी. मावशी म्हटलं की पुढचं काम घरचं होतं. मावशी, एवढा कप विसळा. मावशी, माझ्या गाडीवर जरा फडकं मारा. प्राचार्यांना कुणी काका म्हणत नव्हतं. नातं लागायचं ते फक्त झाडूवाल्यांशी आणि शिपायांशी.

हे धोरण आणलं ते नव्या एचआर मॅडमनी. संस्थेला वरचा दर्जा पाहिजे होता, त्यासाठी पुण्याहून त्यांना आणलं होतं. तीस-बत्तीस वय, साडीवर पांढरे पळायचे बूट. हसायच्या कमी, पण बोललेलं पाळायच्या. परिपत्रकाच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी मला माझ्या नावानं, बाई लावून हाक मारली. मी मागं वळून बघितलं, कुणी आहे का ते. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात माझं नाव एकदाच घेतलं, ते लग्नात, उखाण्यात, बायकांनी दार अडवलं म्हणून. दोन दिवसांत मला सवय झाली. चार दिवसांत फायदा कळला. नाव घेतल्यावर माणसाला फुकटचं काम सांगायला जीभ जड जाते.

बाकीच्यांची मात्र तारांबळ उडाली. प्राचार्यांनी सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली. मला बोलवायचं तर आधी खाली बघायचे, बोट फिरवायचे, नाव सापडलं की वर बघायचे. तोवर मी पुढच्या मजल्यावर गेलेली असायची. पोरं "मा" म्हणून थांबायची आणि नुसती बघत राहायची. कॅन्टीनवाला साठीचा माणूस, सगळ्यांचा चाचा. त्याला मॅडमनी समजावलं की आता सगळे तुम्हाला नावानं बोलावतील. तो म्हणाला, "मॅडम, नाम से तो मेरे को एकीच बार बुलाए थे, थाने में. तब से नाम सुना तो बीपी बढ़ता."

आणि धाकटा हाकेला वळेना.

प्राचार्य व्हरांड्यात उभे राहून थोरल्याच्या नावानं हाका मारायचे, एकदा, दोनदा, तीनदा. धाकटा पाठमोरा फायली घेऊन चाललेला असायचा, तो चालतच राहायचा. कधी कधी त्याहून वाईट व्हायचं. नाव नीट कानावर पडलं की तो दचकायचा, खिशातली तंबाखूची पुडी हातानं दाबायचा आणि फाटकाकडं बघायचा. थोरला आला असं वाटायचं त्याला. थोरल्यादेखत तो तंबाखू खात नसे.

मॅडमनी हे दोन आठवडे बघितलं आणि त्यांना दया आली. त्या म्हणाल्या, ह्यांना ऐकू येत नाही, इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. धोरणात कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचंही एक पान होतं. त्याप्रमाणं धाकट्याची रवानगी कानाच्या डॉक्टरकडं झाली. तिथं त्याला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर कर. त्यानं इतक्या वेळा बोट वर केलं की डॉक्टरनी यंत्र तपासलं. मग लिहून दिलं की ह्यांचे कान विशीतल्या पोरासारखे आहेत.

तो कागद त्यानं मोठ्या खुशीत आणून मला दाखवला.

"बघ आक्का, माझे कान एक नंबर हायेत."

"मूर्खा," मी म्हटलं, "बहिरा ठरला असतास तर सुटला असतास."

तसंच झालं. ऐकू येतं आणि तरी ओ देत नाही, म्हणजे मुद्दाम करतो. धाकट्याला मेमो मिळाला. बत्तीस वर्षांतला पहिला. तो वाचून दाखवायलाही मीच.

मग मी त्याला शिकवायचं ठरवलं. दुपारी डबा खाऊन झाला की पाण्याच्या टाकीमागं त्याला पाठमोरा उभा करायचे आणि दहा पावलांवरून थोरल्याच्या नावानं हाक मारायचे. मला ते नाव घ्यायला काही वाटत नव्हतं, वर्गात मी त्याला ह्याच नावानं शिव्या दिल्या होत्या. पहिल्या दिवशी वीस हाका मारल्या. धाकटा वीस वेळा फाटकाकडं बघून आला.

"अरे तुझं नाव आहे असं समज."

"कसं समजू आक्का? दादा हाय तो."

"मग मनात म्हण, दादाला बोलवत्यात, पण जवळ मी हाये म्हणून मी जातो."

हे त्याला पटलं. तिसऱ्या आठवड्यात तो वळायला लागला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो माझ्या आवाजाला वळतो. मी "कोथिंबीर" म्हटलं तरी वळत होता. प्राचार्यांनी हाक मारली की आधी इकडं तिकडं मला शोधायचा, मी मान हलवली की जायचा. मी दिवसभर त्याच्या मागं फिरू शकत नव्हते. मला तीन मजले होते.

तरी एखाद-दुसरा महिना असा ढकलला गेला असता. पण मॅडमनी प्रशिक्षण ठेवलं. मोठ्या हॉलमध्ये सगळे शिपाई, झाडूवाले, माळी, लॅबमधली माणसं. गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येकानं उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि आपल्यातला एक चांगला गुण सांगायचा. माळ्यानं नाव सांगितलं आणि गुण म्हणून सांगितलं की मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, मी खोटं बोलत नाही. ते खोटंच होतं, पण मॅडमनी टाळी वाजवली.

धाकटा उभा राहिला. "मी," म्हणाला आणि थांबला. टोपी काढली, परत घातली. सगळे बघायला लागले. शेवटी त्यानं हात जोडले आणि एका दमात थोरल्याचं नाव घेतलं, पण नुसतं घेववेना, म्हणून त्याला दादा लावलं आणि वर "हायेत" म्हणाला. मी अमुकदादा हायेत. असं.

हॉल हसून हसून आडवा झाला. कुणीतरी म्हणालं, "मामा आजकाल स्वतःलाच अहो-जाहो करायला लागले." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कार्यक्रम संपल्यावर त्याला बाजूला घेतलं. मी मुद्दाम जवळची खुर्ची उचलायला गेले.

"तुम्ही स्वतःचं नाव असं का घेता?"

धाकट्यानं टोपी परत काढली.

"फाईलमध्ये तुमच्या दाखल्याची झेरॉक्स आहे. मूळ दाखला कुठं आहे?"

"गावाकडं."

"शुक्रवारी घेऊन या."

धाकट्यानं रात्रीचं जेवण केलं नाही, असं त्याची बायको सांगत होती. मी थोरल्याला फोन लावला. म्हटलं, दाखला कन्नडहून येणाऱ्या बसमध्ये कंडक्टरकडं दे, मी स्टँडवर जाऊन घेते, तू येऊ नको. तीनदा सांगितलं, तू येऊ नको. थोरला म्हणाला, कंडक्टरच्या भरवशावर दाखला देत असतेत व्हय? तो लहानपणापासून कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. गुरुजींचंसुद्धा नाही.

शुक्रवारी तो फाटकावर हजर. धुतलेलं धोतर, नवी टोपी, काखेत दाखला. तोंडावळा धाकट्याचाच, नुसता जरा जास्त वाळलेला. फाटकावरही नवं धोरण आलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाची वहीत नोंद करायची. गार्ड नवा पोरगा, वाळूजला कंपनीत गार्ड होता तिथून आलेला. त्यानं विचारलं, नाव काय. थोरल्यानं सांगितलं, तिन्ही शब्द. गार्डनं लिहिलं. मग विचारलं, कुणाला भेटायचंय.

आता भाऊ इथं कुठल्या नावानं आहे हे थोरल्याला ठाऊक होतं. आपण सावध राहायचं, असं त्यानं बसमध्येच ठरवलं होतं. त्यानं परत तेच तीन शब्द सांगितले.

"बाबा, तुमचं नाव झालं. भेटायचं कुणाला?"

"तेच सांगतोय की."

"स्वतःलाच भेटायचंय का?"

"व्हय. आत हाय त्यो. बोलवून घ्या."

गार्डनं मॅडमच्या केबिनला फोन केला आणि सांगितलं की एक म्हातारे आलेत, त्यांना स्वतःला भेटायचंय.

धाकटा माझ्याकडं धावत आला तेव्हा मी तळमजल्याचा संडास धूत होते. दादा आला, दादा आला, एवढंच म्हणत होता. मी बादली तिथंच ठेवली आणि त्याच्याबरोबर वर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. केबिनचं दार उघडं होतं. टेबलावर फाटकावरची वही, शेजारी दाखला, खुर्चीत थोरला ऐसपैस बसलेला. मॅडम एकदा थोरल्याकडं आणि एकदा दारात उभ्या असलेल्या धाकट्याकडं बघत होत्या.

"बसा," त्या धाकट्याला म्हणाल्या. तो बसला नाही. थोरल्यासमोर कसा बसणार?

"ह्या दाखल्यावरचा माणूस कोण?"

"मी," थोरला म्हणाला.

"मग हे कोण?"

"ह्यो माझा धाकटा भाऊ."

"मग नोकरीला कोण आहे?"

"कागदावर मी. कामावर ह्यो."

मॅडमनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आजोबा, ह्याला फसवणूक म्हणतात. तुम्हाला कळतंय का?"

"फसवलं कुनाला?" थोरल्यानं शांतपणे विचारलं. "नाव माझं गेलं, माझी काय तक्रार नाय. काम तुमचं ह्यानं केलं. तुमची कामाबद्दल तक्रार हाय का?"

"प्रश्न कामाचा नाही."

"मंग बत्तीस वर्सं कशाला ठिवून घेतला त्याला?"

मॅडम काही बोलणार तेवढ्यात मीच बोलले. म्हटलं, "मॅडम, काढायचं कुणाला ते आधी ठरवा. कागदावरच्या माणसाला काढलं तर तो बघा हा बसलाय, हा इथं एक दिवस कामाला आलेला नाही. कामावरच्याला काढायचं तर तुमच्याकडं त्याच्या नावाचा कागदच नाही. जो कागदावर नाहीच त्याला मेमो कसा देणार?"

मॅडमनी माझ्या नावाला बाई लावून सांगितलं की तुम्ही मध्ये बोलू नका. मी गप्प बसले. मावशी म्हणून दटावलं असतं तर आणखी चार वाक्यं बोलले असते.

मग त्यांनी धाकट्याला विचारलं, "तुमचं स्वतःचं नाव काय?"

त्यानं सांगितलं, पुटपुटल्यासारखं. मॅडमना नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी ते परत म्हणून बघितलं, आणि धाकटा लगेच "जी" म्हणाला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदाच हाकेसरशी ओ देत होता. मॅडमनाही ते कळलं. त्या खुर्चीत मागं टेकल्या.

थोरल्यानं दाखला उचलून त्याची घडी घातली, कारण काम झालं असं त्याला वाटलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांची नोकरी नवी, धोरण त्यांचं, दर्जाची तपासणी तोंडावर. वर कळवलं असतं तर त्यांचं नाव झालं असतं. ते त्यांच्या डोक्यात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. मला त्यांच्या जागी बसवलं असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "किती महिने राहिलेत?"

"साडेआठ," मी म्हटलं. गप्प बसायचं विसरले.

त्यांनी फाटकाची वही ओढली, त्या नोंदीवर आडवी रेघ मारली, बाजूला "चुकीची नोंद" असं लिहिलं आणि सही केली. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही आज इथं आला नव्हता. दाखला घेऊन जा. आणि ह्यांना ह्यापुढं कुणी हाक मारेल अशा जागी ठेवता येणार नाही."

धाकट्याची बदली तळघरात झाली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत. तिथं कुणी जात नाही. गार्डला मात्र फुकट बोलणी बसली की साधी नोंद करता येत नाही. तो मला पुढं कितीतरी दिवस सांगत होता, "मी बरोबर लिहिलं होतं हो बाई, देवाशपथ." मी म्हणायचे, लिहायला शीक.

नोकरी वाचली म्हणून धाकट्यानं खूश व्हावं की नाही? नाही. आठवडाभरात कुरकुर सुरू. बत्तीस वर्षं आवारभर हिंडणारा माणूस, शंभर जणांशी बोलणारा, आता गठ्ठ्यांमध्ये एका स्टुलावर. दुपारी मी डबा घेऊन त्याच्याकडं जायचे.

"आक्का, हितं मला कुनी कायच म्हनत नाय. मामा नाय, दादाचं नाव नाय. उंदीर तेवढे बघून जातेत."

"तुझे कान विशीतले आहेत ना? ऐक उंदरांचं. गप महिने काढ."

मॅडम माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. समोरून आल्या तर फोनमध्ये बघायच्या. एकदा जिन्यात थांबल्या आणि विचारलं, खाली पंखा आहे का. मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी पंखा लागला. ह्यावर पुढं आमचं काही बोलणं झालं नाही.

साडेआठ महिने गेले. धाकट्याचा निरोप समारंभ ठरला, त्याच मोठ्या हॉलमध्ये. संस्थेचे अध्यक्ष आले होते. ते वर्षातून दोनदा येतात. नव्या धोरणात निवृत्त होणाऱ्याच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवायचं होतं, म्हणून धाकटा, त्याची बायको आणि थोरला पहिल्या रांगेत. मी मागच्या खुर्चीवर. मी धाकट्याच्या कानात सांगून ठेवलं होतं, नाव वाचलं की उठायचं, इकडं तिकडं बघायचं नाही. त्यानं चार वेळा मान हलवली.

प्राचार्यांनी कागदावरून नाव वाचलं. तिन्ही शब्द, पुढं श्रीयुत लावून.

थोरला उठला. त्याची काय चूक? त्याच्या नावाचा पुकारा झाला होता. गावाकडं लग्नात मांडवातून नाव पुकारलं की माणूस उठतो, पुढं जातो आणि टोपी-उपरणं घेऊन येतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. धाकटाही उठला होता, अर्धा. पण थोरला उभा राहिलेला बघितल्यावर तो परत बसला. थोरल्याच्या पुढं तो कसा चालणार? मी मागून थोरल्याचं धोतर धरायला हात घातला तोवर तो पायरी चढला होता.

अध्यक्षांनी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले आणि माईकजवळ म्हणाले, "बत्तीस वर्षं हा हसरा चेहरा मी बघत आलोय."

थोरला म्हणाला, "आपली कृपा."

प्राचार्य नारळ घेऊन पुढं आले आणि मध्येच थांबले. त्यांनी चेहऱ्याकडं बघितलं, पहिल्या रांगेत बघितलं, मग मॅडमकडं बघितलं. मॅडम कार्यक्रमपत्रिका वाचत होत्या. त्या चार ओळींच्या पत्रिकेत वाचण्यासारखं एवढं काय होतं कुणास ठाऊक. अंगावर घातलेली शाल काढून घेता येत नाही. प्राचार्यांनी नारळ दिला. मागच्या रांगांमधून शिपाई लोक माना खाली घालून हसू दाबत हलत होते. पोरांना कुणाला काही कळलं नाही, त्यांच्यासाठी तो टोपीवाला आणि हा टोपीवाला एकच.

अध्यक्षांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. मी डोळे मिटले. थोरला माईकसमोर गेला, खाकरला आणि म्हणाला, "ह्या संस्थेनं माझं नाव इतकी वर्सं सांभाळलं. दुसरं काय बोलू." टाळ्या कडाडल्या. धाकटा सगळ्यांत जोरात वाजवत होता.

बाहेर पोर्चमध्ये थोरला शाल काढेना. धाकट्याच्या बायकोनं हळूच सुचवलं की ती ह्यांची आहे. थोरला म्हणाला, "शाल नावाची हाय," आणि नारळ धाकट्याच्या हातात दिला. मग गार्डकडं जाऊन विचारलं की आज वहीत नोंद करायची का. गार्ड म्हणाला, नको बाबा, तुम्ही तसेच जा.

धाकट्यानं निवृत्तीचा आदेश माझ्यापुढं धरला. मी सगळा वाचून दाखवला, तारखेपासून सहीपर्यंत.

"आता मला कुनी काढू शकत नाय ना, आक्का?"

"आता तुला नोकरीच नाही. काढतील कशातून?"

त्यानं थोडा विचार केला, आदेशाची घडी करून खिशात घातली आणि पिशोरची बस चुकेल म्हणून थोरल्याला बोलवायला गेला. हाक मारली, ती दादा म्हणूनच.